आचारसंहितेआधीचा निकाल

युसूफ वडगावचा केदारनाथ बिडवे ती परीक्षा दोनदा पास झाला. एकदा त्याला गावानं पास केलं आणि एकदा परीक्षा घेणाऱ्यांनी. घोळ एवढाच झाला, की गावाचा निकाल आधी लागला.

परीक्षा साधीसुधी नव्हती, हे त्याच्या बाजूनं आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही येणार नाही. ठिकठिकाणचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते करायचे, त्यांचं बोलणं कुठल्या वाटेनं जाईल ते ठरवायचं, आणि मधेच ते अबोला धरून बसले तर का बसले ते शोधून काढायचं, या धंद्याला नेटवर्किंग म्हणतात. त्या धंद्यातली ही सगळ्यात वरची परीक्षा. आधी एक लेखी असते, ती केदारनाथनं कशीबशी पार पाडली होती. मग बंगळूरला जाऊन आठ तासांचं प्रात्यक्षिक. समोर एक बिघडवून ठेवलेलं जाळं देतात आणि संध्याकाळपर्यंत ते चालू करून दाखवा म्हणतात. पहिल्या फटक्यात पास होणारे फार थोडे, असं केदारनाथ भेटेल त्याला सांगायचा. सांगताना आपण त्या थोड्यांतलेच आहोत, असा त्याचा चेहरा होत असे.

त्रेचाळिसाव्या वर्षी माणसानं परीक्षेच्या भानगडीत पडू नये, पण राजनंदिनी मॅडमनी वेळ आणली. मॅडम म्हणजे पुण्याच्या कंपनीतल्या त्याच्या साहेब. लॉकडाऊनमध्ये केदारनाथ गावी आला, अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, किराणा दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसला आणि तिथून उठायचं विसरला. कंपनीच्या हे लक्षात यायला काही वर्षं गेली. मग फर्मान निघालं, की मार्चअखेर सगळ्यांनी पुण्यात हजर व्हायचं. सूट फक्त ही परीक्षा पास झालेल्यांना. त्यांनी कुठूनही काम करावं, हवं तर झाडावर बसून करावं, असं मॅडम म्हणाल्या.

आता अडचण अशी, की केदारनाथची बायको रोहिणी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि ती बदली मिळवण्यात तिची दहा वर्षं गेली होती. आणि वडील, शिवलिंगप्पा, वय वर्षं एकोणऐंशी. केदारनाथची आई मल्लम्मा गेल्यापासून ते घरात कमी आणि दुकानात जास्त राहायचे. त्यांना पुण्याला न्यायचं तर दुकानाच्या फळ्यांसकट न्यावं लागलं असतं. म्हणजे हिशोब सरळ होता. पास झाला तर वडगाव, नापास झाला तर पुणे, आणि तेही एकट्यानं.

सरावाला यंत्रं लागतात. पुण्यातलं एक ऑफिस बंद पडलं होतं, तिथून केदारनाथनं चार जुने राउटर आणले. राउटर म्हणजे माहितीला वाट दाखवणारा डबा. दुकानामागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांना लागून, मांडणीवर त्यानं ते ओळीनं लावले आणि बटण दाबलं. ही यंत्रं मोठ्या ऑफिसात काचेआड ठेवलेली असतात, त्यामुळं ती किती ओरडतात हे सहसा कुणाला कळत नाही. त्यांच्या पंख्यांनी जो सूर धरला, त्यानं समोरच्या लिंबावरचे कावळे उठले. आणि दहाच मिनिटांत शेजारच्या चतुराबाई डोक्यावर डबा घेऊन दारात उभ्या.

"केदार, गिरणी टाकलीस ते लई ग्वाड केलंस बाबा. ज्वारी हाय, बारीक दळ जरा."

"गिरणी न्हाई मावशी. अभ्यास चाललाय."

चतुराबाईंनी खोलीत डोकावून पाहिलं. "अभ्यासाचा येवढा आवाज कावून येतो? आमची नात अंजू बी करती की अभ्यास."

गिरणी नाही म्हटल्यावर त्या नाराज झाल्या, पण मोकळ्या हातानं परत जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मांडणीच्या मागून गरम वारा येतो, हे त्यांनी हात लावून खात्री करून घेतलं. दिवस पावसाळ्याचे, घरात दोन महिन्यांचा नातू. दुसऱ्या दिवसापासून नातवाची दुपटी राउटरमागं वाळू लागली. नको म्हणावं, तर चतुराबाईंनी केदारनाथलाही तसल्याच दुपट्यात पाहिलेलं, आणि ते त्या चारचौघांत काढायला कमी करायच्या नाहीत. श्रावणात एक दुपटं घसरून पंख्याच्या तोंडावर बसलं आणि केदारनाथ जेवून येईपर्यंत एक राउटर कायमचा गेला. चतुराबाईंनी दुपटं उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. ते कुठं करपलं नव्हतं, म्हणून त्यांनी केदारनाथला माफ केलं.

मग गल्लीला वीज पुरवणारी डीपी जळाली. ती दरवर्षीच जळते, पण दरवर्षी कारण सापडत नाही. यंदा कारण दुकानामागच्या खोलीत उघड्यावर ठेवलेलं होतं. वायरमन आला, त्यानं मांडणीकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "किती एचपीचं हाय?" केदारनाथ राउटर म्हणजे काय ते सांगू लागला. वायरमननं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "ते समदं ठीक हाय. एचपी किती?" शेवटी गल्लीनं बसून तोडगा काढला. नळाला पाणी आलं की लोकांच्या मोटारी चालू आणि केदारनाथचा अभ्यास बंद. पाणी कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळं अभ्यास कधी बंद होणार हेही ठाऊक नसे. जगातल्या कुठल्याही उमेदवारानं अशा अटींवर तयारी केली नसेल, असं केदारनाथला मनापासून वाटायचं, आणि अधूनमधून त्याला स्वतःचा अभिमानही वाटायचा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दुकानापुढच्या बाकड्यावर रोज सकाळी सरपंच भगवानराव येऊन बसत. त्यांच्या दृष्टीनं परीक्षा म्हणजे अभ्यास नव्हे, परीक्षा म्हणजे सेंटर.

"सेंटर कुटलं आलंय?"

"बंगळूर."

"तिथं आपलं कोण हाय?"

"कुणी न्हाई, अन् असून उपयोग न्हाई. कॅमेरे असत्यात. खिशातला रुमालबी बाहेर ठेवून घेत्यात."

"मंजी सेंटर कडक हाय." भगवानराव गंभीर झाले. "आरं, मग फॉर्म भरतानाच इचारायचं की आमाला. दुसरं न्हवतं का एखादं?"

"होतं. दुबईला."

"मग दुबईच घ्यायचं! तिकडं आपली माणसं लई गेलती कामाला."

तानाजी मात्र काळजी करत नव्हता. तानाजी म्हणजे केदारनाथचा पहिलीपासूनचा दोस्त, चौकात त्याचं मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स आणि फ्लेक्स डिझाईनचं दुकान, आणि उरलेल्या वेळात तो भगवानरावांचा उजवा हात. तो एवढंच म्हणायचा, "पास व्हायचं काय घेऊन बसलास बे? तू झालास समज." हे वाक्य धीर देण्यासाठी आहे, अशी केदारनाथची समजूत होती. ते नियोजन होतं.

जानेवारीत तारीख आली. अप्पांनी कपाळाला विभूती लावली, रोहिणीनं धपाटे बांधून दिले, आणि केदारनाथ सोलापूरमार्गे बंगळूरला गेला.

परीक्षेचे पहिले सात तास तो इतका चांगला चालला, की तेच त्याला नडलं. एकेक बिघाड तो शोधत होता, मिटवत होता आणि मनातल्या मनात राजनंदिनी मॅडमना "हो मॅडम, पहिल्याच प्रयत्नात" असं नम्रपणे सांगत होता. नम्रपणा नीट साधतोय का, हेही तो तपासून पाहत होता. शेवटच्या तासात एका राउटरची राखण पक्की करायला सांगितली होती. नको त्या माणसांना आत शिरू द्यायचं नाही. केदारनाथनं कडी अशी काही पक्की लावली, की नको त्या माणसांमध्ये तो स्वतःही बसला. आत जायची त्याची वाट त्याच दारातून होती. घराला कुलूप घालून किल्ली आत विसरावी, तसा प्रकार. उरलेली चाळीस मिनिटं त्यानं पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेघेकडं बघण्यात घालवली. देखरेख करणाऱ्यानं येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, तर केदारनाथ हसून हो म्हणाला. सवय वाईट असते.

निकाल एकदोन दिवसांत मेलवर येतो. त्यानं फोन बंदच ठेवला. नापास झालो आहोत हे आतून कळलेलं होतं, पण आतल्या कळण्यावर कुणी सहीशिक्का मारलेला नसतो, तेवढ्यावर त्याचा जीव टांगलेला. केजच्या एसटीत, कळंब मागं पडल्यावर, त्याला राहवेना. फोन चालू केला, मेल उघडला. नापास. एकच शब्द, तोही तांबड्या अक्षरात. खाली शे-सव्वाशे मेसेज येऊन पडत होते, ते न बघताच त्यानं फोन पुन्हा बंद केला आणि पुण्यात खोली कुठल्या भागात घ्यावी याचा विचार करू लागला.

केजच्या स्टँडवर एसटी वळली तेव्हा हलगी वाजत होती. फेटे बांधलेली दहाबारा माणसं हार घेऊन उभी. कुणी पुढारी याच गाडीनं आलेला दिसतोय, असं समजून केदारनाथ वाट देण्यासाठी बाजूला सरकला आणि मागं वळून पाहिलं. मागं कोंबडीची पाटी घेतलेली एक बाई होती, आणि तीही त्याच्याचकडं बघत होती. तोवर तानाजीनं त्याला पायरीवरून ओढून खाली घेतलं होतं. गुलाल उडाला.

"तान्या, अरे मी नापास झालोय!" केदारनाथ ओरडला. हलगीवाला बरोबर त्याच्या कानाशी होता. तानाजीला फक्त तोंड हललेलं दिसलं, आणि तो दुप्पट जोरात "विजय असो" म्हणाला.

जीपमध्ये बसल्यावर खुलासा झाला. "फोन कावून बंद ठिवलास बे? लई घाई झाली. परवा दुपारी चारला जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागणार व्हती. एकदा लागली की महिना दीड महिना फ्लेक्स लावता येत न्हाई, ग्रामसभा घेता येत न्हाई. तू पास व्हनार अन् आमी हात बांधून बसनार, व्हय? मग काय, दोन वाजता फ्लेक्स टांगला, तीनला ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घेतला, चारला आचारसंहिता. समदं कायद्यात बसवलं बग."

"अन् मी पास झालो न्हाई तर?"

तानाजी मनापासून हसला. या शक्यतेसाठी त्याच्याकडं डिझाईनच नव्हतं.

वडगावच्या वेशीत फ्लेक्स दिसला. पंधरा बाय दहा. मधोमध केदारनाथ, कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला, त्यामुळं त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी सुटा हात राहिलेला. 'जगातील सर्वात अवघड परीक्षा पहिल्याच प्रयत्नात!' वर नेते, खाली भगवानराव, आणि त्यांच्या खाली शुभेच्छुक म्हणून बावीस चेहरे. त्यात चतुराबाईंचा नातूही टोपडं घालून होता.

मारुतीच्या पारावर सतरंजी टाकलेली. आचारसंहितेमुळं भाषण करता येत नव्हतं, म्हणून भगवानरावांनी चाळीस मिनिटं दोन शब्द सांगितले. मग शाल, मग नारळ, मग केदारनाथला बोलायला उभं केलं. त्यानं ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

"मंडळी, खरं सांगतो. मी पास झालेलो नाही. मला अजून पुष्कळ शिकायचं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरं वाक्य त्यानं का जोडलं, हे त्याला आजवर उमगलेलं नाही. शिकल्या-सवरलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी शोभेसं बोलायची खोड असते, दुसरं काय. भगवानराव तर उठूनच उभे राहिले. "ऐकलं का रे पोराहो? येवढा जगात पैला आला, तरी म्हनतो मी पास न्हाई! ह्याला म्हनत्यात शिक्षान!" जगात पहिला कधी आलो, हे विचारायला केदारनाथनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला समोर अप्पा दिसले.

अप्पा पहिल्या रांगेत बसले होते. धोतर नवं, टोपी नवी, दोन्ही हात गुडघ्यांवर. भरदुपारी दुकान बंद करून आले होते. मल्लम्मा गेली त्या दिवसानंतर त्यांनी दुकान दिवसा कधी बंद केलं नव्हतं. ते टाळ्या वाजवत नव्हते, नुसते मुलाकडं बघत होते. तिथं केदारनाथचा धीर सुटला. उघडलेलं तोंड त्यानं मिटलं, आणि शाल सावरून खाली बसला. भित्रेपणाचे फार प्रकार असतात, त्यातला हा सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा.

घरी आल्यावर रोहिणीला खरं सांगितलं. तिनं खिडकीशी नेऊन शालीचं सूत पाहिलं. "शाल चांगलीय हो. पास झाला असतात तरी याहून बरी मिळाली नसती."

"तू त्यांना थांबवायचं तरी."

"काय म्हणून? आमचे हे नापास होणार आहेत, जरा दम धरा म्हणून? तुमचा तर फोन बंद." मग मात्र ती गंभीर झाली. "अहो, पण पुण्याचं काय?"

केदारनाथनं शालीची घडी घालून ती कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आधी ग्रामसेवकाकडं गेला. निदान तो ठराव तरी काढून टाकावा. ग्रामसेवकानं सगळं ऐकून घेतलं. केदारनाथचं म्हणणं म्हणजे विनय, असं न समजणारा घराबाहेरचा तो पहिला माणूस. पण त्याचा इलाज कागदापुरता होता. "ठराव ग्रामसभेनं मंजूर केला, मंजी रद्दबी ग्रामसभेनंच करायला पायजे. आचारसंहिता हाय तवर ग्रामसभा न्हाई. अन् उठल्यावर घेतली तरी माणसं जमत न्हाईत. कागदावर तुमी पास हाव, साहेब. माझा नाइलाज हाय."

फ्लेक्सची गत निराळीच झाली. आचारसंहितेचं पथक आलं आणि नेत्यांचे, भगवानरावांचे, बावीसच्या बावीस शुभेच्छुकांचे चेहरे त्यांनी कागद चिकटवून झाकले. केदारनाथ कुठल्याच पक्षात नव्हता, म्हणून त्याला तसाच ठेवला. पुढचा महिनाभर त्या एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर तो एकटाच, खांद्यावर परका हात घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून हसत होता. दूध आणायला तो मागच्या गल्लीनं जाऊ लागला.

त्या फ्लेक्सचा फोटो तानाजीच्या फेसबुकवरून निघून पुण्यात राजनंदिनी मॅडमपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. "केदारनाथ, अभिनंदन! तुमचा नंबर पाठवा ना." पास होणाऱ्याला या परीक्षेत एक नंबर मिळतो, तो लोक नावापुढं लावतात. केदारनाथनं खरं ते सांगितलं.

"मग ते पोस्टर?"

"मॅडम, आमच्याकडं आचारसंहिता लागली होती."

कोथरूडमध्ये वाढलेल्या माणसाला एवढ्यावरून काही समजणं अवघड होतं. मॅडमनी पुढं विचारलं नाही. "मार्चअखेर. लक्षात आहे ना?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मार्चच्या मध्याची एक तारीख शिल्लक होती, ती त्यानं त्याच दिवशी घेतली.

आता दुसरी तयारी, आणि ती चोरून. कारण यंत्रं चालू केली की चतुराबाई विचारायच्या, "पास झालास न्हवं? मग अजून कावून बसतोस?" पास झालेल्या माणसानं अभ्यास करणं गावात संशयाचं मानतात. केदारनाथनं उरलेले राउटर पोत्यांआड ढकलले, वरून गोधडी टाकली आणि आवाज दबला म्हणून खूश झाला, तर संध्याकाळपर्यंत दुसरा राउटर गेला. गोधडी चतुराबाईंची नव्हती, घरची होती, त्यामुळं बोल लावायलाही कुणी सापडेना.

त्यात गावाची कामं सुरू झाली. जगात पहिल्या आलेल्या माणसाला काय येत नाही? रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन अडलं, केदारनाथला बोलवा. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आपोआप चालू होईना, केदारनाथला बोलवा. त्यानं रेशनचं मशीन दोनदा बंद करून चालू केलं. चतुराबाईंचा अंगठा तरीही जुळला नाही. भांडी घासून घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेघाच गेल्या होत्या, त्याला तो काय करणार? पण रांगेतल्या सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "शाल घेताना बरा हात पुढं आलता." रांगेत पाऊणशे माणसं होती, आणि एकालाही त्यात खोटं काही दिसलं नाही. केदारनाथलाही नाही.

मार्चमध्ये त्यानं पुन्हा बॅग भरली. कंपनीचं काम आहे, असं दुकानात सांगितलं. अप्पांनी विभूती लावली, पण या वेळी हात कपाळावर जरा रेंगाळला. "किती दिस?" त्यांनी विचारलं. "तीनचार," केदारनाथ म्हणाला. अप्पांनी मान हलवली आणि गिऱ्हाईकाकडं वळले.

या खेपेला बंगळूरला तो मॅडमशी मनातल्या मनात एक शब्दही बोलला नाही. शेवटच्या तासात पुन्हा तसलंच दार समोर आलं. कडी लावण्याआधी त्यानं आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते तीनदा पाहिलं. परतताना फोन चालू ठेवला, आणि त्याच एसटीत, जवळपास त्याच वळणावर, मेल आला. पास. सोबत नंबर. त्यानं तो चारपाच वेळा वाचला. डोळ्यांत पाणी आलं ते शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघत बसला.

केजच्या स्टँडवर कुणी नव्हतं. असणार कसं? तरी उतरताना त्यानं एकदा सगळीकडं नजर फिरवली, हे लपवण्यात अर्थ नाही. वडगावला जाणारी काळी-पिवळी जीप भरेपर्यंत तो तासभर बसून राहिला. चौकात तानाजी भेटला, त्याला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, "तान्या, पास झालो बे."

"हौ की. झालतास न्हवं?"

"ते तवा न्हाई. आत्ता झालो. तवा नापास झालतो."

तानाजीनं डोकं खाजवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती, फक्त वेळ कमी असल्याची काळजी होती. "बरं मग, आत्ता झालास ना? मंजी आमचं काय चुकलं न्हाई. थोडं म्होरं झालं येवढंच." आणि तो कुणाचा तरी मोबाईल उघडायला घेऊन बसला. वर्षभराचे कष्ट, दोन मेलेले राउटर, आठ-आठ तासांच्या दोन फेऱ्या, आणि त्याचं कौतुक एवढं. केदारनाथला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. निदान घरात तरी कुणीतरी डोळे मोठे करावेत, असं वाटत तो दुकानाकडं वळला. रोहिणी शाळेत होती. गल्ल्यावर अप्पा एकटेच शेंगदाणे निवडत बसले होते.

"आलास?"

"आलो. अप्पा, एक सांगायचंय. त्या बारीला, सत्कार झाला तवा, मी नापास झालतो. तुमी समोर बसलतात, मला सांगवलं न्हाई."

अप्पांचे हात थांबले नाहीत. "मग?"

"मग आत्ता झालो. खरंच. हे बगा." त्यानं फोन पुढं केला.

अप्पांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "हे इंग्लिश मला दावून काय फायदा? तू हितं राहनार का पुन्याला जानार, येवढं सांग."

"हितंच. जायचं काम न्हाई आता."

"जायचं न्हाई?"

"न्हाई."

अप्पांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. केदारनाथ अजून उभाच होता. एखादा शब्द तरी येईल, शाबास नाही तर नाही, बरं झालं एवढं तरी. पण तो यायच्या आधीच त्याचा खरेपणा उतू गेला. आयुष्यात एकदा खरं बोलायला लागलं की माणसाला कुठं थांबावं ते कळत नाही. "पण अप्पा, हे तीनच वर्षं चालतं बरं का. मग पुन्हा परीक्षा असती."

"तीन वर्सं?"

"हौ."

अप्पांनी बोटांवर मोजलं. एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी. मग मोजणं सोडून दिलं आणि हसले.

"लई झाली की रे," ते म्हणाले. "तीन वर्सं मंजी लई झाली."

पुन्हा देईन अप्पा, दर तीन वर्षांनी देईन, असं केदारनाथ मनातल्या मनात म्हणाला. कौतुकाबिवतुकाचं सगळं तो विसरून गेला होता.

"उनात कावून उभा राह्यलास?" अप्पा म्हणाले. "आत ये."

खांद्यावरची बॅग तशीच ठेवून केदारनाथ आत गेला, पोत्यावर अप्पांच्या शेजारी बसला, आणि सुपातले शेंगदाणे निवडू लागला.